पत्र्याला आकार द्यायला सुरुवात करताय तर आधी हे वाचा

लगेच इंग्लिश व्हील (दोन चाकांमध्ये पत्रा दाबत फिरवून गोलाई द्यायचं मशीन) घ्यायच्या मागे लागू नका हो, खरंच सांगतो, वाळू गच्च भरलेली चामड्याची पिशवी, एक मॅलेट (लाकडी हातोडा), एक गुळगुळीत तोंडाची हातोडी आणि एक डॉली (पत्र्याच्या मागे धरायचा लोखंडी ठोकळा) एवढ्यावर खूप दिवस काम चालतं. पत्रा १ मिमीचा मऊ ॲल्युमिनियमचा घ्या, लोखंडी नंतर.

मेन गोष्ट म्हणजे पत्रा नुसता वाकत नाही, तो ताणला जातो नाहीतर आकसतो. मध्ये ठोकलं की तिथे पातळ होऊन फुगतो आणि मग कडेला लाटा येतात, नवीन माणूस तिथेच घाबरून त्या लाटा सपाट करत बसतो आणि सगळा आकार घालवतो. ती लाट हळूहळू ठोकत पत्रा तिथे आकसवत जा, लाट एकमेकांवर दुमडू देऊ नका, दुमडली की चीर पडलीच समजा.

ठोकून ठोकून पत्रा कडक होतो, आवाज टणटण यायला लागतो, तेव्हा थांबा. पुन्हा मऊ करायला ॲल्युमिनियमवर साबणाची रेघ ओढा आणि गॅस टॉर्चची ज्योत सारखी फिरवत गरम करा, रेघ काळपट झाली की लगेच ज्योत बाजूला, जास्त तापवलं तर रंग न बदलताच पत्रा वितळतो.

हातोडीचं तोंड पॉलिश ठेवा, त्यावरचा प्रत्येक ओरखडा पत्र्यावर छापला जातो. आणि कापल्या कापल्या कडा कानशीने मारून घ्या, कानाला मफ लावा, गॅल्व्हनाइज्ड (झिंकचा थर दिलेला) पत्रा तर अजिबात तापवू नका, झिंकचा धूर वाईट असतो.