गवत बघायला दोनशे किलोमीटर?

प्रश्न : आम्ही दोघं साताऱ्याचे. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. सध्या तीन महिन्यांसाठी मुलाकडे, कॅन्ससमधल्या ओव्हरलँड पार्कला आलो आहोत. नायगारा वगैरे जमणार नाही, हिच्या गुडघ्यांना विमानतळाच्या रांगा सोसत नाहीत. मुलगा म्हणतो, ‘बाबा, इथे बघण्यासारखं काही नाही, नुसतं गवत आहे.’ सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल असं एखादं जुनं गाव आहे का?
– एक वाचक

उत्तर : काका, मुलगा खोटं बोलत नाही. गवतच आहे. तेच बघायला जा. मीसुद्धा इथल्या विचिटा शहरात राहायला आल्यावर कितीतरी वर्षं त्याच्या कडेने गाडी दामटत गेले, एकदाही उतरले नाही.

चेज काउंटी गाठा. एम्पोरियापर्यंत हमरस्ता, मग पश्चिमेला वळायचं; तुमच्याकडून दोनेक तास. काउंटी म्हणजे आपला तालुका समजा, पण माणसं जेमतेम अडीच हजार. उंच गवताचा माळ एकेकाळी कॅनडापासून टेक्ससपर्यंत होता. आता त्यातला चार टक्केही उरलेला नाही, आणि उरलाय तो बहुतेक इथल्या फ्लिंट हिल्स नावाच्या टेकड्यांमध्ये. कारण तुम्ही सातारकर चटकन ओळखाल. कासला कातळावर वीतभर माती असते ना, तसंच. इथे खाली चुनखडक आणि त्यात गारगोट्या. नांगर चालेना, म्हणून गुरं चरत राहिली आणि गवत वाचलं.

आधी कॉटनवुड फॉल्स या गावाला जा. विटांच्या रस्त्याच्या टोकाला चुनखडकाचं कोर्ट दिसेल, लाल उतरत्या छपराचं, वर घड्याळ. १८७३ सालचं आहे आणि कचेरी अजून तिथेच भरते, तेव्हा शनिवार-रविवार टाळा. आतला अक्रोडाच्या लाकडाचा गोल जिना बघा. काकूंनी खालूनच बघितला तरी चालेल. ज्या कॉ या मूळनिवासी लोकांवरून कॅन्सस हे नाव पडलं, त्यांना जवळच्याच काउन्सिल ग्रोव्हच्या परिसरातून आजच्या ओक्लाहोमात हलवलं तेही याच १८७३ साली. मला तो जिना चढताना हे दर वेळी आठवतं.

तिथून स्ट्राँग सिटी दोन मैल, आणि पुढे लगेच टॉलग्रास प्रेअरीचं राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र. ते १९९६ मध्ये झालं. तिकीट नाही. १८८१ मध्ये बांधलेला गुरांच्या मालकाचा दगडी वाडा आणि तीन मजली गोठा आहे. वाड्यापेक्षा मला गोठाच आवडतो. पण तुम्ही मास्तर, तुमची खरी जागा म्हणजे टेकाडावरची लोअर फॉक्स क्रीक शाळा. १८८२ ची, एका खोलीची, सगळ्या इयत्तांना मिळून एकच शिक्षक. आजूबाजूला घर नाही, झाड नाही. कुलूप असलं तर खिडकीतून डोकवा.

गवे – म्हणजे बायसन – २००९ मध्ये इथे पुन्हा आणून सोडले. पायवाट त्यांच्याच कुरणातून जाते. शंभर यार्डांच्या आत जायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. काकूंना चालवलं नाही तर त्या वाड्याच्या आवारात बसून राहतील, वारा भरपूर असतो.

केव्हा जावं? सप्टेंबरअखेर. तेव्हा ब्लूस्टेम गवत माणसाच्या डोक्यावर जातं, तांबूस होतं, तुरा अगदी पक्ष्याच्या तीन बोटांसारखा. वसंतात गेलात तर काळे माळ दिसतील. घाबरू नका, तो वणवा नव्हे. नवं गवत जोमानं यावं म्हणून गुरांवाले मार्च-एप्रिलमध्ये स्वतःच पेटवतात. जुलैत मात्र जाऊ नका. मी भर दुपारी टोपीशिवाय गेले होते, सावली म्हणून कुठे नाही, अर्ध्या मैलावरून परतले.

गोचिड्या असतात, पँट मोज्यात खोचा. शाकाहारी असाल तर थालीपीठं आणि पाणी बरोबर घ्या, पेट्रोल एम्पोरियालाच भरा. आणि गाडी मुलालाच चालवायला लावा.