विटांच्या जुन्या कॉटेजला चुनाच हवा

प्रश्न : इंग्लंडमध्ये बर्कशायर परगण्यात आम्ही अठराव्या शतकातील, ‘ग्रेड टू’ वारसा यादीतले विटांचे कॉटेज घेतले आहे. दर्शनी भिंतीत तांबड्या विटांमध्ये एकाआड एक निळसर-करड्या विटा दिसतात. त्या खराब झाल्या आहेत का?

उत्तर : मुळीच नाही, ते तुमच्या घराचे भूषण आहे. या रचनेला फ्लेमिश बाँड म्हणतात. प्रत्येक थरात एक वीट लांबीने दिसते, तर पुढच्या विटेचे फक्त टोक. लाकडाच्या भट्टीत आगीकडे असलेल्या टोकांवर राखेतील क्षारांमुळे करडी चकाकी चढत असे आणि गवंडी नेमकी तीच टोके निवडून दर्शनी बाजूला लावत.

प्रश्न : पूर्वीच्या मालकाने सांधे सिमेंटने भरले होते. आता विटांचे पापुद्रे सुटत आहेत आणि आत ओल येते. बाहेरून जलरोधक लेप लावावा का?

उत्तर : कृपया लावू नका. अशी भिंत साधारण ९ इंच जाडीची, सलग आणि मध्ये पोकळी नसलेली असते. ती पावसाचे पाणी थोडे शोषते आणि चुन्याच्या सांध्यांतून ते पुन्हा हवेत सोडते. सिमेंट त्या मऊ विटांपेक्षा कठीण आणि कमी सच्छिद्र असल्यामुळे पाण्याला विटेतूनच वाट काढावी लागते, आणि हिवाळ्यात ते तिथेच गोठून फुगले की विटेचा दर्शनी थर सुटतो. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांच्या चुन्यातल्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवल्यावरही ओल अशीच आत कोंडते. सिमेंट छिन्नी-हातोडीने, हलक्या हाताने काढून घ्यावे, कारण यंत्राच्या पात्याने विटांच्या कडा कापल्या जातात. जिथे ते घट्ट चिकटले आहे तिथे तूर्त राहू द्यावे. त्यानंतर चुना आणि वाळूने सांधे भरून ते काही दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवावेत. थंडीच्या महिन्यांत हे काम काढू नये. त्याआधी पन्हाळी तपासा. फुटक्या पन्हाळीखालची भिंत कोणत्याही दुरुस्तीने वाळणार नाही.

प्रश्न : घराच्या आतल्या बदलांनाही परवानगी लागते का?

उत्तर : लागते. इंग्लंडमध्ये यादीतील नोंद संपूर्ण इमारतीला, आतून-बाहेरून लागू होते; १ जुलै १९४८ पूर्वीपासून आवारात असलेली बांधकामेही साधारणपणे तिच्यात येतात. घराच्या ऐतिहासिक स्वरूपावर परिणाम करणारे काम परवानगीशिवाय करणे गुन्हा आहे. अंमलबजावणीच्या नोटिशीला कालमर्यादा नसल्याने आधीच्या मालकाने केलेले बदल दुरुस्त करण्याची जबाबदारीही तुमच्यावर येऊ शकते. म्हणून सांध्यांचे काम काढण्यापूर्वीच स्थानिक परिषदेच्या संवर्धन अधिकाऱ्याला भेटा आणि त्या सिमेंटबद्दलही विचारून घ्या.