वायरकट शिकायचं असेल तर आधी मोल्ड शिकू द्या

प्रश्न : मुलगा बारावी सायन्स झाला. पीसीएमला ५८ टक्के, सीईटीत ४१ पर्सेंटाइल. मी त्याला रिपीटर बॅचला घातलं आहे. तो मात्र क्लास बुडवून भोसरीला मामाच्या टूलरूममध्ये (साचे बनवण्याच्या कारखान्यात) तारेने पोलाद कापणाऱ्या वायरकट मशीनपाशी जाऊन बसतो. तीन महिन्यांचा ऑपरेटर कोर्स करतो म्हणतो. मशीन सगळं आपोआप करतं, त्यात शिकायचं काय? नातेवाइकांना काय सांगू? आता त्याचं मामाकडे जाणं बंद केलं आहे. घरी तो बोलत नाही. त्याला समजवा. – एक पालक, चिंचवड

उत्तर : टक्के आणि पर्सेंटाइल मी एकदाच वाचले. ‘घरी तो बोलत नाही’ हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही ते जाता जाता लिहिलं आहे, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. बारावी झालेल्या मुलाला एक काम मनापासून आवडलं, तेही सख्ख्या मामाच्या नजरेखाली, आणि नेमकं तेच तुम्ही बंद केलंत. बदल्यात काय दिलंत? ज्या परीक्षेत त्याचं मन नव्हतं, तीच परीक्षा आणखी एक वर्ष. ज्याला इंजिनिअरिंग हवं आहे आणि ज्याचं थोडक्यात हुकलं आहे, त्याने जरूर रिपीट करावं. वडिलांच्या हट्टापायी रिपीट करणारी मुलं माझ्याकडे येत असतात. त्यांचे गुण वाढलेले मी क्वचित पाहते, घरातला संवाद मात्र तुटलेला असतो. नातेवाइकांचं म्हणाल, तर ते लग्नात भेटल्यावर दोन मिनिटं विचारतील आणि जेवायला बसतील. त्या दोन मिनिटांसाठी मुलाचं वर्ष घालवू नका.

‘मशीन सगळं आपोआप करतं’ हा गैरसमज मात्र मुळापासून काढायला हवा. तो कशामुळे होतो हे मला कळतं. वायरकट रात्रभर एकटं चालतं आणि सकाळी जॉब तयार असतो. साधारण पाव मिलिमीटर जाडीची पितळी तार, भोवती क्षार काढलेलं पाणी, आणि तार व पोलाद यांच्यामध्ये सेकंदाला हजारो ठिणग्या. तार पोलादाला टेकत नाही. ठिणग्या धातू कणाकणाने वितळवून काढतात, म्हणून हार्डनिंग झालेला ठोकळाही कापला जातो. मशीनचं काम एवढंच. तार ओवायचं भोक, म्हणजे स्टार्ट होल, कुठे पाडायचं, क्लॅम्प कुठे बांधले तर पाणी सोडणारं नोझल आपटणार नाही, ठिणगीची फट धरून तारेचा मार्ग किती सरकवायचा, आतला तुकडा मध्येच सुटून पडू नये म्हणून शेवटपर्यंत किती भाग जोडलेला ठेवायचा, रफ कटनंतर किती स्किम कट (हलके, सफाईचे काप) घ्यायचे, हे सगळं माणूस आधी ठरवतो. कडक केलेल्या पोलादात ताण दबलेले असतात. मधला मोठा तुकडा काढला की ठोकळा किंचित उघडतो किंवा मिटतो. ज्याने हे आधी हिशेबात धरलं नाही, त्याचा इन्सर्ट, म्हणजे मोल्डमध्ये (साच्यात) बसणारा तुकडा, भंगारात जातो. या तारेने आतला कोपरा कधीच अगदी टोकदार निघत नाही, सुमारे ०.१५ मिलिमीटरची गोलाई राहतेच. त्यात जो इन्सर्ट बसवायचा, त्याची कड आधीच मारून ठेवावी लागते. आणि बसताना दोन-तीन शतांश मिलिमीटरची फट राहिली, तरी पॉलिप्रॉपिलीनसारखं सहज वाहणारं प्लास्टिक तिथे शिरतं आणि पीसला, म्हणजे तयार वस्तूला, फ्लॅश (कडेला जादा पापुद्रा) येतो. याला तुम्ही बटण दाबणं म्हणणार असाल, तर एकदा मेहुण्यांच्या टूलरूममध्ये जाऊन तासभर उभे राहा. मुलाला सोबत न्या आणि समजावून सांगायला त्यालाच सांगा.

आता मुलाशी बोलते. बाळा, तुझी आवड खरी आहे, पण तू निवडलेला रस्ता मला पसंत नाही. तीन महिन्यांचा ऑपरेटर कोर्स करू नकोस. वायरकटचं जॉबवर्क बऱ्याच ठिकाणी कापलेल्या पृष्ठभागाच्या चौरस मिलिमीटरच्या दराने चालतं, आणि दुसऱ्याने केलेला प्रोग्रॅम लावून तार ओवणाऱ्याचा पगारही त्याच दराला बांधलेला राहतो. शिवाय तार आरपार जावी लागते. डब्याच्या झाकणाचा मोल्ड घे : इन्सर्टचे खिसे, कोअर पिनांची (वस्तूत भोक ठेवणाऱ्या पिनांची) भोकं, लिफ्टरच्या (अडकलेली वस्तू सोडवणाऱ्या सरकत्या भागाच्या) खाचा वायरकटवर होतील. झाकणाचा आकार देणारी कॅव्हिटी मात्र खाली बंद असते, तिथे तार ओवणारच कुठून? तिथे मिलिंग लागतं किंवा तांब्याचा नाहीतर ग्रॅफाइटचा इलेक्ट्रोड करून, ठिणग्यांनी खड्डा कोरणाऱ्या स्पार्क मशीनवर काम लागतं. नुसतं वायरकट येणाऱ्याला मोल्डचा एक तुकडा कळतो. पीस कुठे अडकेल, प्लास्टिक थंड होताना किती आकसेल, गेट (प्लास्टिक आत शिरायचं तोंड) कुठे द्यायचा हे ज्याला कळतं तो टूलमेकर, आणि तुझ्या मामाला रात्री ज्याला फोन करावासा वाटतो तो तोच.

त्यासाठीचे रस्ते : छत्रपती संभाजीनगरच्या इंडो जर्मन टूल रूमचा टूल अँड डाय मेकिंग डिप्लोमा, सिपेट या केंद्र सरकारच्या प्लास्टिकविषयक संस्थेचा प्लास्टिक मोल्ड टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा, किंवा आयटीआयचा टूल अँड डाय मेकर ट्रेड, डाइज अँड मोल्ड्स शाखेचा, दोन वर्षांचा. प्रवेश परीक्षा आणि वयाची अट त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहा. बारावी सायन्सवर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला मेकॅनिकलही घेता येतं. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाचं दारही उघडं असतं. पुन्हा पालकांना सांगते : तुमच्या मनातली डिग्री याच वाटेने मिळू शकते, फक्त ती त्याने मागितलेली असेल.

क्लासची फी भरून झाली असेल, तर ती गेली असं समजा आणि त्यासाठी त्याला बोल लावू नका. प्रवेशाचे फॉर्म निघेपर्यंत त्याला मामाकडे जाऊ द्या. मामांना एक विनंती करा : काही दिवस त्याला वायरकटपासून दूर ठेवून फिटरच्या टेबलावर बसवा. ट्रायलहून (प्लास्टिक भरून घेतलेल्या चाचणीहून) परत आलेला मोल्ड उघडायचा, फ्लॅश कुठून आला ते शोधायचं, निळा रंग लावून पृष्ठभाग कुठे टेकतात ते बघायचं, हातात मायक्रोमीटर आणि स्टोन (घासायचा दगड). महिन्याभराने त्याला पुन्हा विचारा, आणि तेव्हा तो जे म्हणेल त्यावर फॉर्म भरा.