ट्रेडलवर छापताना काही अक्षरं पुसट आणि काही कागदात रुतलेली का उमटतात?

तुमची अडचण थोडक्यात अशी दिसते: पायानं चालवायचं जुनं छपाईचं यंत्र (ट्रेडल), देवनागरी खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या अक्षरांच्या, काही केसेस (खणांचे ट्रे) आणि मूठभर लाकडी टाइप हाती आले आहेत. छापून पाहिलं तर एकाच ओळीत दोन अक्षरं पुसट, तिसरं मागून बोटाला लागेल इतकं रुतलेलं. शाई वाढवली की ‘ब’चं पोट भरतं, पण पुसट अक्षर पुसटच राहतं. शिवाय फावल्या वेळात या यंत्रावर आणखी काय करता येईल, हेही विचारलंय.

पहिली गोष्ट, शाईचा डबा बंद करा आणि दाब वाढवायचे स्क्रू विसरून जा. या दोन्हींना हात शेवटी लावायचा. नव्यानं छापणारे नेमके तिथूनच सुरुवात करतात आणि चांगले खिळे चेपून बसतात.

लेटरप्रेसचा, म्हणजे उठावाच्या अक्षरांवरून छापण्याचा, सगळा खेळ एका आकड्यावर उभा आहे: 0.918 इंच, म्हणजे 23.32 मिलिमीटर. खिळ्याच्या पायापासून अक्षराच्या तोंडापर्यंतची ही इंग्रजी-अमेरिकी उंची. तिच्या जोडीला फ्रेंच उंची 23.56 मिलिमीटरची असते. दोन ठिकाणचे खिळे एकाच केसमध्ये मिसळले असतील तर हा पाव मिलिमीटरचा फरक ओळीत लगेच दिसतो. साधा 80 जीएसएमचा कागद 0.1 मिलिमीटरच्या आसपास जाड असतो, म्हणजे एक अक्षर शेजाऱ्यापेक्षा दोन-अडीच कागद उंच! मायक्रोमीटर घ्या, रुतणारं आणि पुसट अशी दोन्ही अक्षरं उपसून मोजा. साधा डिजिटल कॅलिपरही कामचलाऊ अंदाज देतो. खिळ्यांवरची खाच पाहून भेसळ त्याहून लवकर कळते: एका जातीचे खिळे ओळीत लावले की खाचांची सरळ रेघ दिसते, परका खिळा ती रेघ मोडतो. जुळारी (खिळे जुळवणारे) स्टिकमध्ये, म्हणजे हातात धरायच्या जुळणीच्या पट्टीत, खाच वरच्या, उघड्या बाजूला ठेवून जुळवतात, त्याचा हा आणखी एक फायदा.

उंची बरोबर निघाली तर खिळ्याचा पाय पाहा. जुळणीच्या दगडावर शिशाचा कण किंवा वाळलेल्या शाईची खपली असली, तरी त्यावर बसलेला खिळा वर येतो आणि रुततो. फर्मा (आवळून तयार केलेली जुळणी) ठेवण्याआधी दगड, मशीनचा बेड (फर्मा बसतो तो सपाट भाग) आणि खिळ्यांचे पाय पुसून घ्यायचे. कंटाळवाणं काम आहे, पण ‘दाब नीट नाही’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथंच सापडतं.

आता फर्मा आवळणं. प्रत्येक ओळ सारख्या घट्टपणाची हवी. स्टिकमध्ये ओळ स्वतःच्या बळावर उभी राहिली पाहिजे, पण अंगठ्यानं ढकलली तर हलली पाहिजे. सैल ओळीत जागा भरायला 1 पॉइंटची (पॉइंट हे छपाईतलं बारीक माप) पितळी आणि अर्ध्या पॉइंटची तांब्याची पट्टी वापरतात. त्या नसतील तर कागदाची चिंधी चालते, फक्त ती सगळ्यात शेवटी. मग चेसमध्ये (लोखंडी चौकटीत) ठेवून भोवती लाकडी गुटके लावा आणि पाचरी एका बाजूला व खाली अशा दोनच कडांना द्या. समोरासमोर दिल्या तर मजकूर मध्ये तरंगतो. पाचरी आधी बोटानं बसवायच्या, ठोकळा ठेवून लाकडी हातोडीनं हलकेच ठोकायचं, मग किल्लीनं आळीपाळीनं थोडं थोडं आवळायचं. एकदम आवळलं तर चेसची चौकट कमानीसारखी वाकते, मधले खिळे वर उचलले जातात आणि छपाई सुरू झाली की स्पेस (शब्दांमधले बुटके, कोरे खिळे) हळूहळू वर चढून दोन शब्दांमध्ये काळे चौकोन उमटायला लागतात. सैल ओळीतही हेच होतं, त्यामुळे काळा चौकोन दिसला की आधी ती ओळ तपासायची, मग आवळणी. चेसचा एक कोपरा पाचरीच्या किल्लीवर टेकवून खिळे बोटानं दाबून पाहा. एकही खाली सरकला तर फर्मा मशीनवर चढवू नका.

देवनागरीची एक वेगळी काळजी आहे. ज्या खिळ्याची वेलांटी किंवा रफार शेजारच्या खिळ्यावर लटकतो, त्याचं ते टोक हवेत असतं. ठोकळ्यावर जोरानं हातोडी बसली किंवा शेजारचा खिळा किंचित उंच असला की ते मोडतं. वरच्या मात्रा वेगळ्या खिळ्यावर असतील तर दोन मजल्यांच्या मध्ये साचलेली शाई शिरोरेषेपाशी फट पाडते. शिरोरेषाच तुटक येत असेल तर भिंगातून खिळ्यांच्या बाजू पाहा. तिथं वाळलेल्या शाईचा पापुद्रा असतो आणि त्यामुळे दोन अक्षरं एकमेकांना चिकटून बसत नाहीत. मऊ ब्रश आणि रॉकेलनं साफ करा, सुरीनं खरवडू नका.

इथवर ठीक असेल तर रोलर. माझ्या मते तुमचा निम्मा प्रश्न इथं सुटेल. ‘पोट भरतं’ हे रोलर फार खाली असल्याचं लक्षण: रोलर अक्षराच्या तोंडावरून फिरण्याऐवजी त्याच्या कडेवर आपटतो, शाई खोबणीत ढकलतो आणि अक्षराभोवती कडा उमटते. खिळ्याइतक्या उंचीचा गुळगुळीत धातूचा ठोकळा बेडवर ठेवा आणि रोलर त्यावरून एकदाच फिरवून थांबवा. शाईचा पट्टा 2 ते 3 मिलिमीटर रुंद, दोन्ही टोकांना सारखा हवा. बोटभर रुंद आला तर रोलर खाली आहे, आलाच नाही तर वर. खाली असेल तर रोलरची चाकं ज्या पट्ट्यांवरून धावतात त्यांवर गुळगुळीत टेप चिकटवा. विजेच्या कामाची टेप साधारण 0.15 मिलिमीटरची असते, एका थरानंसुद्धा फरक दिसतो, म्हणून एक थर, मग मोजणी, असं करत जायचं. चाकांचा व्यास रोलरइतकाच असावा. चाकं झिजून लहान झाली असतील तर टेप हा तात्पुरताच उपाय. सरस आणि ग्लिसरीनचे जुने रोलर दमट हवेत फुगतात आणि उन्हाळ्यात मऊ पडतात, त्यांची मोजणी दर वेळी नव्यानं करावी लागते. काम झालं की रोलर काढून उभे ठेवा, शाईच्या तबकडीवर टेकवून ठेवले तर चपटे होतात.

आता पॅकिंग, म्हणजे छापायच्या कागदामागचे थर. जुन्या ट्रेडलला बहुधा एकूण 1 मिलिमीटरच्या आसपास पॅकिंग लागतं: वरून ताणलेला टिंपन (सगळ्यात वरचा कडक) कागद, त्याखाली कडक चकचकीत बोर्ड, त्याखाली काही साधे कागद. मऊ पुठ्ठा किंवा कापड टाळा, त्यानं अक्षर कागदात दडतं आणि कडा ढोबळ होतात. सुरुवात गरजेपेक्षा दोन कागद कमी ठेवून करा. हातानं फ्लायव्हील फिरवून एक ठसा घ्या आणि कागद उलटा करून तिरप्या उजेडात मागची बाजू पाहा. सगळी ओळ फिकी असेल तर एक कागद वाढवा. एक बाजू फिकी, दुसरी जड असेल तर प्लॅटन (कागद खिळ्यांवर दाबणारी लोखंडी पाटी) समांतर नाही. त्याच्या मागचे स्क्रू फिरवायची वेळ फक्त याच वेळी येते, तेही एका वेळी पाव फेऱ्याहून कमी.

एखाददुसरंच अक्षर पुसट असेल तर तिथं बारीक भेद आहे. खिळाच बुटका असेल तर वरून दाब देऊन उपयोग नाही, कारण रोलरही त्याला पोचत नाही. त्याच्या पायाखाली कागद चिकटवा. लाकडी टाइप झिजलेले असतात, त्यांना हा उपाय हमखास लागतो. उंची बरोबर आहे, शाई लागते, तरी दाब कमी पडतो, अशा जागी वरून ठिगळ लावायचं. टिंपन आणि त्याखाली ठेवलेला, ठिगळं लावायचा ठशाचा कागद यांमधून ब्लेडनं दोन ठिकाणी व्हीच्या आकाराची चीर द्या, म्हणजे कागद परत नेमका बसवता येईल. पुसट जागेवर पातळ टिश्यूचा तुकडा खळीनं चिकटवा. तुकडा कात्रीनं कापू नका, बोटानं फाडा. कापलेल्या कडेची रेघ ठशात दिसते. जड अक्षरांच्या जागी उलट तेवढा कागद कापून काढा. चार-पाच ओळींच्या कार्डाला या ठिगळकामात एक तास गेला तर तो वाया गेला असं समजू नका.

शाई सगळ्यात शेवटी. 30 सेंटिमीटरच्या तबकडीला वाटाण्याहून कमी पुरते. रोलर फिरताना आवाज ऐका: बारीक सळसळ बरोबर, चिकट फाटल्यासारखा ‘चर्र’ म्हणजे जास्त. रबर-बेस शाई तबकडीवर दिवसभर सुकत नाही, म्हणून शिकताना तीच बरी. तेलाची शाई चकचकीत कागदावर चांगली सुकते, पण रोलरवर विसरली तर रात्रीत कातडं धरते. रॉकेलनं पुसलेल्या, तेलाच्या शाईच्या चिंध्या ढिगानं टाकू नका, जवसाच्या तेलाच्या चिंध्या आपोआप तापून पेटू शकतात. झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवा.

खोल रुतलेला ठसा आज आवडीचा झालाय. जुने छापणारे मात्र अक्षर कागदाला नुसतं टेकेल एवढाच दाब देत आणि मागून काही जाणवलं तर तो दोष मानत. खोल हवाच असेल तर जाड सुती कागद घ्या, किंचित ओलसर करा आणि झिजलेल्या खिळ्यांवर तो प्रयोग करू नका. असा ठसा हवा तर पॉलिमरची प्लेट (मजकूर उठावात आणलेली प्लास्टिकची पाटी) करून घ्या, खिळे त्यासाठी नाहीत.

पहिल्या ठशाआधी फ्लायव्हील हातानं पूर्ण फिरवून ग्रिपर (कागद धरणारी लोखंडी बोटं) आणि कागद टेकवायच्या खुणेच्या पिना खिळ्यांवर येत नाहीत ना ते पाहा. ग्रिपर ओळीवर बसला तर एका फेरीत अख्खी ओळ सपाट होते. कागद तिरका गेला तर सोडून द्या, बोट आत घालू नका. दाब तोडायचा दांडा त्यासाठीच आहे. खिळ्यांवर पांढरी भुकटी असेल तर फुंकू नका, ते शिशाचे क्षार आहेत. मास्क, हातमोजे आणि ओलं फडकं. त्या टेबलावर खाणंपिणं नको.

आता गमतीचा भाग, तोही त्याच 23.32 वर चालतो. जे काही सपाट आहे आणि या उंचीला आणता येतं, ते छापता येतं. लिनोलियमचा पत्रा 3.2 मिलिमीटरचा असतो. तो 18 मिलिमीटरच्या एमडीएफवर चिकटवला तर 21.2 होतात, उरलेले 2.1 पुठ्ठ्यानं भरा. लेगोच्या विटा छापणाऱ्यांचा तर वेगळाच पंथ आहे: एक वीट 9.6 मिलिमीटरची, दोन विटा आणि वर 3.2 ची सपाट टाइल मिळून 22.4, खाली 0.9 चा बोर्ड. नक्षीदार किनारी आणि ओळीच्या पट्ट्या जमवणारे त्यांतून घरं, गाड्या, चेहरे जुळवतात. त्यात खरी कसोटी आवळण्याची असते, कारण आडवे-उभे तुकडे पॉइंटच्या हिशेबात बसले नाहीत तर सगळं सैल राहतं. सांडलेल्या, मिसळलेल्या खिळ्यांचा ढीग परत केसमध्ये लावणं हाही काहींचा आवडीचा उद्योग. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ उलटे ओळखायची सवय त्यातच लागते.

मला सगळ्यात आवडतो तो पानाचा ठसा. खिळ्याच्या उंचीचा सपाट ठोकळा शाई लावून बेडवर बसवा, आणि वाळवून दाबलेलं पातळ पान छापायच्या कागदाच्या मागे, टिंपनखाली ठेवा. पानाच्या शिरा कागद पुढे ढकलतात आणि तेवढ्याच जागी गडद रंग येतो. ठोकळा लहानच ठेवा, तळहाताएवढा पुष्कळ झाला, कारण अखंड काळ्या पृष्ठाला मजकुरापेक्षा कितीतरी जास्त दाब लागतो आणि छोट्या ट्रेडलचा सांधा त्यानं कुरकुरतो. बोर्ड काढून मऊ कागद घालायची एवढी एकच वेळ. ताजं पान घेऊ नका, रस फुटून टिंपन ओला होतो. आणि परत खिळ्यांवर जाण्याआधी ते पॅकिंग पूर्ण बदला, शिरांचे खळगे त्यात राहिलेले असतात.