कृत्रिम बुद्धिमत्ता (एआय) म्हणजे नेमकं काय, आणि तिला घाबरायला हवं का?

थोडं घाबरायला हरकत नाही, पण बंड करणाऱ्या रोबोला नव्हे. कशाला, ते ती चालते कशी हे पाहिलं की कळतं.

नेहमीच्या प्रोग्रॅमचे नियम माणूस लिहितो. समजा स्पॅम, म्हणजे फसवे आणि नकोसे, ईमेल अडवायचे आहेत. 'लॉटरी' दिसलं की मेल बाजूला टाक, हा झाला एक नियम. भामटे मग 'लॉ.ट.री' लिहितात, की आपण नवा नियम लिहायचा. हा शिवणापाणीचा खेळ संपत नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे 'हे स्पॅम, हे नाही' अशी खूण केलेले हजारो मेल यंत्राला द्यायचे आणि फरक त्यालाच हुडकू द्यायचा. आज गाजतंय ते एआय बहुतेक या दुसऱ्या जातीचं. 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हे नाव मात्र १९५६ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात झालेल्या कार्यशाळेच्या वेळचं.

प्रश्न विचारला की उत्तर लिहून देणाऱ्या चॅटजीपीटीच्या मुळाशीही असंच शिकणं आहे. 'आभाळ भरून आलंय, छत्री' यापुढे काय येईल? 'घे', 'आण', 'विसरू नकोस'. प्रत्येकाची शक्यता काढायची, एक निवडायचा, तो जोडून पुन्हा पुढचा शब्द. अफाट मजकुरावर एवढाच सराव झाला की त्यातून भाषांतर, सारांश, संगणकाचा प्रोग्रॅमसुद्धा निघतो, याचं मला अजून नवल वाटतं.

पण वाक्य चपखल बसलं म्हणून ते खरं ठरत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, कधी झालेच नव्हते असे खटले कोर्टात दाखले म्हणून दिले. त्यांतल्या एकाने 'हे खरे आहेत ना?' असं त्यालाच विचारलंही होतं, 'हो' म्हणालं. दंड झाला ५,००० डॉलर.

ही चूक निदान पकडली तरी गेली. मला जास्त भीती वाटते ती गुपचूप होणाऱ्या चुकांची. ॲमेझॉनने नोकरीचे अर्ज चाळणारी एक प्रणाली बनवून पाहिली होती. शिकायला दिले दहा वर्षांतले जुने अर्ज, बहुतेक पुरुषांचे. ती बायकांचे अर्ज मागे सारायला शिकली. शेवटी ती मोडीत काढली, आणि २०१८ मध्ये ही गोष्ट बाहेर आली. जुना पक्षपात यंत्राने उचलला, एवढंच. पण नाकारलेल्या बाईला ते कळणार कसं?

नोकऱ्यांचं म्हणाल तर अख्खी नोकरी जाण्याआधी तिच्यातली कामं जातील, पहिल्यांदा मसुदे आणि भाषांतरं. कोणाची किती, हे छातीठोक सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्यात नोकरीसाठी उमेदवार चाळणाऱ्या एआयला 'जास्त जोखमीचं' मानून त्यावर माणसाची देखरेख बंधनकारक केली आहे. कर्ज आणि नोकरीच्या बाबतीत एवढं तरी सगळीकडे हवंच.