एकाच कळपातल्या चितळांची शिंगं वेगवेगळ्या वेळी का गळतात?

तुम्ही विचारलंय, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात एकाच कळपात एका नराला टोकदार शिंगं, दुसऱ्याची अजून मखमलीत, म्हणजे वाढत्या शिंगावरच्या मऊ केसाळ कातडीत, तिसऱ्याचं डोकं रिकामं. शिंगांचं वेळापत्रक दिवसाच्या लांबीवर ठरतं असं वाचलंय, मग हे कसं? हाच प्रश्न मला माझ्या मामाने विचारला होता. मी त्याला उत्तर दिलं नाही, त्याचं तोंड बंद केलं. म्हणून लिहितेय.

१९८२ सालचा मे. गिरण्यांचा संप जानेवारीत सुरू झालेला आणि मामा साच्यावरचा कामगार, म्हणजे घरात सगळी उधारी. तरी सुट्टीत आलेल्या आम्हा पोरांना त्याने परळहून राणीच्या बागेत चालत नेलं. चितळांच्या कुंपणाशी एक नर उभा होता, शिंगं नाहीत, कपाळावर नुसते दोन खुंट. मामा म्हणाला, "उपाशी आहे गो बाय, अंगात चुना उरला नाही याच्या." आमच्यासाठी आणलेल्या लादीतले दोन पाव त्याने आत टाकले. तिथला माणूस ओरडला, शिंगं दरवर्षी गळतात, पुन्हा येतात. मामाने ऐकलं नाही.

नऊ वर्षांनी मी बीएस्सीला होते. पुस्तक घेऊन मामाकडे गेले आणि रुबाबात समजावलं. अंधार पडला की मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन सोडते, रात्र मोठी तेवढा जास्त वेळ. त्यावरून शरीराला ऋतू कळतो. दिवस लहान होऊ लागले की नराचं टेस्टोस्टेरॉन हे नर-हॉर्मोन चढतं, मखमल सुटते, शिंग टणक होतं. ते उतरलं की शिंगाच्या मुळाशी हाड झिजतं आणि शिंग पडतं. मामाने शांतपणे विचारलं, "मग त्याच पिंजऱ्यातल्या बाकीच्यांची का नव्हती पडली? दिवस तर सगळ्यांना सारखाच ना?" मी म्हटलं, "तू सातवी नापास, तुला नाही कळायचं." तो उठून गॅलरीत गेला. पुन्हा हा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. आता तो नाही.

चूक माझीच होती. मी सांगितलेली गोष्ट थंड देशांतल्या लाल हरणाची. तिथे वसंतात सगळ्या नरांची शिंगं गळतात, उन्हाळाभर नवी वाढतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात माद्यांसाठी झुंजी. हेच हरीण न्यूझीलंडला नेलं तर झुंजी मार्च-एप्रिलवर गेल्या, कारण तिथे दिवस तेव्हा आखडतात. शिंगांचा अभ्यास करणारे अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रिचर्ड गॉस यांनी पूर्व आशियातल्या सिका हरणांना दिव्यांखाली ठेवून वर्षभराचा उजेड सहा महिन्यांत फिरवला, तर शिंगं वर्षात दोनदा बदलली. कायम बारा तास उजेड आणि बारा तास अंधार ठेवला, तर बदलणंच थांबलं.

चितळ तसा नाही. स्कॉटलंडमधल्या एडिंबरोत जूनमधला दिवस साडेसतरा तासांचा, डिसेंबरातला सात. मुंबईत सव्वातेरा आणि अकरा, म्हणजे फरक फारसा नाही. थंड देशात हिवाळ्यात जन्मलेलं पिल्लू गारठून मरतं, म्हणून तिथल्या हरणांना तारीख पाळावीच लागते. आपल्याकडे ती सक्ती नाही, पाडसं वर्षभर जन्मतात. हॉर्मोनची चढउतार चितळातही तीच, पण प्रत्येक नराचं वर्ष त्याचं स्वतःचं. टेक्सासात आणि हवाईत नेऊन सोडलेले चितळही आपापल्या तारखेनेच चालतात. तेव्हा तुम्हाला कोणी 'दिवसाची लांबी' एवढंच सांगून मोकळं होत असेल, तर त्याने पुस्तक वाचलंय, कळप बघितलेला नाही. मीही बघितला नव्हता, मामाने बघितला होता.

आता एक राहिलं. चितळ ऋतूपासून अगदी सुटा आहे असं समजू नका. मध्य भारतात टणक शिंगांचे नर उन्हाळ्यात जास्त दिसतात. सांबर तर बरंच ऋतू पाळणारं, त्याच्या झुंजी हिवाळ्यात. म्हणून पार्कात सांबराबद्दल हाच प्रश्न पडला तर माझं उत्तर जसंच्या तसं लावू नका.

आणि चुन्याचं. शिंगं वाढत असताना खाण्यातून मिळणारं कॅल्शियम पुरत नाही, तेव्हा नराच्या बरगड्यांतून काढलं जातं, हाडं काही काळ विरळ होतात. शिंग भुकेने गळत नाही, पण अंगातला चुना कमी होतो हे मामाचं खरं होतं. पाव मात्र चूकच. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात एवढं पीठ गेलं की ते आंबतं, आम्ल वाढतं, जनावर दगावूही शकतं. पार्कात कोणी कुंपणातून पाव टाकताना दिसला तर त्याला थांबवा, आणि का ते नीट सांगा. तो सातवी नापास असला तरी.