टॅरो : दहावं कार्ड डेथ आलं, तर?

प्रश्न : सध्याची नोकरी सोडून दुसरी घ्यावी का, हे बघायला घरीच टॅरोच्या चित्रपत्त्यांचा केल्टिक क्रॉस (दहा जागांची ठरावीक मांडणी) मांडला. पहिलं एट ऑफ पेंटॅकल्स (नाण्यांच्या गटातलं), त्यावर आडवं टू ऑफ स्वोर्ड्स (तलवारींच्या गटातलं), सातव्या जागी एट ऑफ स्वोर्ड्स, नवव्या जागी नाइन ऑफ स्वोर्ड्स आणि दहावं डेथ. घाबरून त्याच संध्याकाळी आणखी दोनदा मांडलं. दर वेळी वेगळंच आलं. खरं कोणतं धरू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पहिलं. पुढच्या दोन्ही खेपांना तुमच्या मनात नोकरी नव्हतीच, डेथ टळावं एवढंच होतं. परिस्थितीत काही नवं घडेपर्यंत तोच प्रश्न पुन्हा मांडू नका.

आधी डेथची भीती घालवू. १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या रायडर-वेट डेकसाठी (टॅरो पत्त्यांच्या संचासाठी) पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेलं हे चित्र नीट बघा : पांढऱ्या घोड्यावर चिलखत घातलेला सांगाडा आहे, पण मागे दूर दोन बुरुजांच्या मधे सूर्यही आहे. एक पर्व संपतंय, एवढाच याचा अर्थ. कुणाच्या मृत्यूचं भाकीत यात वाचू नये. शिवाय दहावी जागा म्हणजे निकाल नव्हे. आहे तसंच चालू राहिलं तर गोष्टी कुठे जातील, ते ती दाखवते. नवी नोकरी चांगली की वाईट, हे या कार्डात नाही.

तुमच्या मांडणीचा गाभा तीन स्वोर्ड्समध्ये आहे. ७८ पैकी १४ कार्डं स्वोर्ड्सची, म्हणजे दहांत सरासरी जवळपास दोन येतात. तीन आली यात विशेष नाही. विशेष आहे ते चित्रांत. टू ऑफ स्वोर्ड्समधल्या बाईच्या डोळ्यांवर पट्टी आहे, एट ऑफ स्वोर्ड्समधल्या बाईच्याही, आणि नाइनमधली व्यक्ती अंथरुणात उठून बसली आहे ती तोंड हातांत लपवून. अडथळ्याच्या (दुसऱ्या), स्वतःच्या (सातव्या) आणि आशा-भीतीच्या (नवव्या) जागी, तिन्हीकडे डोळे झाकलेले! उलट पहिल्या कार्डातला कारागीर मन लावून काम करतोय. कामाचा कंटाळा हे तुमचं दुखणं दिसत नाही. पुरेशी माहिती हाती नसताना निर्णय घ्यायची वेळ आली आहे, ते दुखणं आहे. एट ऑफ स्वोर्ड्समध्ये आणखी एक बघा : बाईचे हात बांधलेले आहेत, पाय मोकळे आहेत, म्हणजे पाऊल उचलता येतं. तेव्हा राजीनाम्याआधी हातात पडणारा पगार, पीएफ, नोटीस पीरियड, प्रोबेशनचा काळ हे सगळं नव्या ठिकाणाकडून लेखी मागून घ्या.

बाकीची पाच कार्डं तुम्ही कळवलेली नाहीत. ती वाचताना आधी जागा, मग चित्र, मग शेजारची कार्डं हा क्रम ठेवा. तीन ते सहा या जागांचा क्रम पुस्तकागणिक बदलतो, म्हणून पत्ते पिसण्याआधीच जागा कागदावर लिहून ठेवाव्यात. नाहीतर नको ते कार्ड सोयीच्या जागी सरकतं आणि आपल्याला कळतही नाही.

‘सोडावी का’ अशा प्रश्नाला टॅरो नीट उत्तर देत नाही. पुढच्या वेळी ‘सोडण्याआधी मी काय तपासू?’ असं विचारा. त्याला तीन कार्डं पुरतात.

प्रश्न : उलटी आलेली कार्डं उलटीच वाचावी लागतात का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सक्ती नाही, पण काय करायचं ते पिसण्याआधी ठरवा. उलटी वाचायची असतील तर गड्डीचे दोन भाग करा, एक भाग खालचं टोक वर येईल असा फिरवा आणि मग दोन्ही एकत्र पिसा. तसं न करता एखादंच कार्ड उलटं निघालं, तर त्याला उगाच वजन येतं. उलटं म्हणजे विरुद्ध अर्थ, असंही नाही. तीच गोष्ट अडलेली, ओसरत चाललेली किंवा मनातल्या मनात चाललेली असते. नाइन ऑफ स्वोर्ड्स उलटं आलं, तर काळजी कमी होतेय की कुणाला सांगितली जात नाहीये, हे शेजारच्या कार्डांवरून ठरवा. केल्टिक क्रॉसमधलं दुसरं कार्ड आडवंच असतं. ते सुलटं धरून वाचावं.